वटवाघळाने फोडलेलं गुपित

चहा घ्या, मग सांगते. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. देवपुरातल्या आमच्या गल्लीतून ती तुमच्या कानावर आली, तर तिखटमीठ लावूनच येईल.

माझं माहेर रावेरकडचं, घरची केळीची बाग. दरवर्षी भाऊ एक घड आणून देतो आणि मी गल्लीत घरोघरी एकेक फणी वाटते. गेल्या वर्षी इतकी वाटत सुटले, की पुण्याहून लेक आली तेव्हा घरात नुसता दांडा उरला होता! ती दांड्याकडे बघून हसली फक्त. मला ते फार लागलं.

म्हणून यंदा ठरवलं, शनिवारी लेक येईपर्यंत घडाचा कुणाला वासही लागू द्यायचा नाही. भाऊ भल्या सकाळी आला, घड ठेवला आणि जाताना शेजारच्या नानांकडे चहाला थांबला. मी घड मागच्या खोलीत टांगला, त्याला जुनी साडी गुंडाळली, हवेसाठी खिडकी जराशी उघडी ठेवली. कुणी विचारलंच, तर यंदा केळी आलीच नाहीत म्हणायचं. शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई मी!

गुरुवारी दिवेलागणीला त्या खोलीत गेले, तर डोक्यावरून काहीतरी काळं फडफडत गेलं. वटवाघूळ! मी अशी किंचाळले, की अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर गोळा झाली. कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या हातात काठी.

नाना वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आधी काठी काढून घेतली.

"मारू नका. ते आपलापेक्षा जास्त घाबरेल शे."

मग मला नीट समजावलं. पंखा बंद, दिवा बंद, खिडकी सताड उघडी, आतलं दार लावून घ्यायचं. हात लावायचा नाही, हाकलायचं नाही, ते आपलं आपण निघून जातं. एवढं सांगून म्हणाले, "त्या खोलीमा काय शे?"

"काही नाही नाना. मुलांच्या वह्या."

"मंग वटवाघूळ वह्या तपासाले उनं का?"

गल्ली खो खो हसली. नाना आत यायला निघाले, तशी मी दारात आडवी झाले. डोक्यावर ह्यांचं हेल्मेट चढवलं आणि सांगितलेलं सगळं एकटीने करून आले. स्वतःचं केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

अर्धा तास आम्ही ओट्यावर बसलो. आतली फडफड काही थांबेना, उलट वाढायला लागली. शेवटी नानांनी मागून जाऊन खिडकीतून टॉर्च मारला. मागोमाग सगळी गल्ली.

आत एक नाही, चार वटवाघळं! साडी खाली पडलेली, घड उघडा आणि पाहुणे निवांत जेवताहेत. खिडकी उघडून, दिवा मालवून मीच त्यांची पंगत बसवली होती ना!

उजेडाने ती एकेक करून निघून गेली. गल्ली मात्र तिथेच उभी. उष्टी केळी कुणी खायची नाहीत म्हणून नानांनी घड पुरायला लावला. खड्ड्यापाशी मला रडूच आलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. लेकीला यंदा दांडासुद्धा बघायला मिळणार नव्हता.

शनिवारी लेक आली. ती बॅग ठेवते न ठेवते तोच नाना दारात, हातात पिवळ्याधमक दोन फण्या. भावाने त्या सकाळी नानांकडे दुसरा घड ठेवला होता! ताईचा हात आखडत नाही, तिचा घड तिच्या लेकीला राहू द्या, गल्लीचा वाटा तुम्ही वाटा, असं सांगून गेला होता. म्हणजे मी 'मुलांच्या वह्या' म्हणाले, तेव्हा नानांना सगळं ठाऊक होतं!

मी मान खाली घालून फण्या घेतल्या. वळता वळता नाना हळूच म्हणाले, "मास्तरीणबाई, वह्यासमा लपाडीसन ठेवा."