निमाई सरखेलची हिरवी जर्सी

श्यामराव पळसुल्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिला नाही. ट्राम मैदानाजवळून जाताना आरडाओरडा ऐकू आला की ते नाक मुरडायचे आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे सरकायचे. आणि तरीही १९६८ ते १९७४ या सहा वर्षांत बिस्किटाच्या पुड्यांतून जेवढे फुटबॉलपटू कलकत्त्यात घरोघरी पोचले, त्या सगळ्यांचे गाल, केस, बूट आणि जर्सी त्यांनीच रंगवल्या होत्या.

त्या दिवसांत एक बिस्किट कंपनी प्रत्येक पुड्यात खेळाडूचं एक कार्ड टाकायची. पुढे रंगीत चित्र, मागे नंबर, नाव, क्लब आणि चार ओळींची माहिती. वर्षाला चोवीस कार्डांचा एक संच. कार्डं छापायचा बहूबाजारातला एक छापखाना, पण छापखान्याकडे यायचे ते काळेपांढरे फोटो. त्या फोटोंवर बारीक कुंचल्याने रंग चढवायचं काम श्यामरावकाकांचं. ही विद्या ते कोल्हापूरच्या एका स्टुडिओत मेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवता रंगवता शिकले होते. "तिथे गिऱ्हाईक तक्रार करत नसे," असं म्हणायचे. पंचविसाव्या वर्षी जाहिरात वाचून कलकत्त्याला आले आणि राहिले. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "रंग वाळेपर्यंत घरात कोणी फिरायला नको."

बालीगंजला आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि ते खाली, अंगणाकडे दार असलेल्या एका खोलीत. त्या खोलीला डिंकाचा आणि लसणीच्या फोडणीचा वास यायचा. गणपतीला आमच्याकडे जेवायला यायचे आणि दरवर्षी आईच्या मोदकांच्या कळ्या मोजून एखादी कमी असल्याचं जाहीर करायचे.

आता माझं सांगते. मी नलिनी. तेव्हा सव्वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी, आणि बिस्किटातली कार्डं जमवणारी. हसायचं असेल तर हसून घ्या, शाळेतल्या सगळ्या शिक्षिका हसून झाल्या आहेत. माझ्या वडिलांकडे सिगारेटच्या पाकिटांतल्या जुन्या कार्डांचा आल्बम होता. त्यात मिशा कुरवाळणारे साहेब, सगळे कधीच वारलेले. मला त्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. मला हवे होते ते जिवंत खेळाडू, काल मैदानावर घसरलेले आणि परवा पुन्हा खेळणारे. श्यामरावकाकांनी रंगवलेला एक गोलकीपर होता, त्याच्या डाव्या हाताला चारच बोटं. एका हाफबॅकला त्यांनी स्वतःच्या मनाने मिशा चढवल्या होत्या, आणि त्या पठ्ठ्याने पुढे खरंच मिशा ठेवल्या. ही कार्डं माझ्या जिवाची होती.

पुड्यातल्या कार्डांत एकच खोट. बिस्किटांबरोबर सुटी टाकलेली असल्यामुळे प्रत्येकावर तुपाचा डाग. कोरं, बिनडागाचं कार्ड हवं तर ते छापखान्यातूनच मिळायला हवं. आणि छापखान्याचा माणूस आमच्या जिन्याखालीच राहत होता.

१९७१ च्या सुमारास माझ्या लक्षात आलं की काका फोटो नाकाला टेकवून बघतात. एकदा मला म्हणाले, "नलू, ही बाटली तांबड्याची की किरमिजीची गं? लेबल पुसलंय मेलं." लेबल चांगलं ठसठशीत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. छापखान्यात कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी काम गेलं असतं, आणि डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून घ्यायची त्यांना विलक्षण भीती होती. तेव्हा आमच्यात एक ठरलं, कोणी कोणाला न सांगता. मी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचं आणि रंग बघायचे. छापण्याआधी नमुन्याचा जो मोठा कागद येतो, तो प्रूफही मी तपासायचा. बदल्यात प्रूफचे दोन कागद माझे. चोवीस कार्डं, न कापलेली, न तेलकटलेली. काका कागदाच्या कोपऱ्यात आपली सही करायचे आणि ती सही दिसली की छापखान्यात दुसरं कोणी त्या कागदाकडे बघत नसे. इतका त्यांच्या नजरेवर भरवसा.

१९७४ च्या जानेवारीत वीज रोज जात होती. माझ्याकडे परीक्षेचे पेपर आले होते, म्हणून आठवडाभर मला खाली जाता आलं नाही. काकांनी सहा खेळाडू कंदिलाच्या उजेडात एकट्याने रंगवले. त्यांतला एक निमाई सरखेल. वय एकवीस, अरुणोदय क्लबचा उजवीकडून धावणारा पोरगा. अरुणोदयची जर्सी निळ्यापांढऱ्या पट्ट्यांची. त्यांचा हाडवैरी जागृती संघ, त्यांच्या पट्ट्या हिरव्यापांढऱ्या. काळ्यापांढऱ्या फोटोत दोन्ही सारख्याच दिसत, आणि पिवळ्या कंदिलाखाली, त्या पिकलेल्या डोळ्यांना, निळा काय आणि हिरवा काय.

प्रूफ आला रविवारी सकाळी नऊला. आम्ही तो अंगणात लख्ख उन्हात पसरला. सतरा नंबरचं कार्ड, निमाई सरखेल, जागृतीच्या हिरव्या जर्सीत. कार्डाच्या मागे छापायचं होतं अरुणोदय.

मला ते एका नजरेत दिसलं. त्या क्षणी मला काय झालं ते मी कितीदा तरी आठवून पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं. मला आनंद झाला. चुकलेल्या कार्डाची भूक ज्याला नाही त्याला ती समजावून सांगता येत नाही. मनात हिशेब सरळ होता. छपाई सुरू झाली की यंत्रावरचा माणूस ओरडेल, चूक सुधारली जाईल, आणि हिरवा निमाई जगात फक्त प्रूफवर उरेल. म्हणजे माझ्याकडे दोन.

"बघ गं नलू, सगळं ठीक?"

"ठीक आहे, काका."

त्यांनी सही केली. मी घरी जाऊन पोहे खाल्ले.

यंत्रावरचा माणूस ओरडला नाही. वीज असेल तेवढ्या तासांत काम उरकायची घाई होती आणि कोपऱ्यात श्यामरावांची सही होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते कार्ड सगळ्या शहरातल्या पुड्यांत गेलं.

मार्च हा कलकत्त्यात दलबदलाचा महिना. खेळाडू क्लब बदलतात, सह्या होईपर्यंत क्लबवाले त्यांना कुठेकुठे लपवून ठेवतात, आणि पानाच्या टपरीवर माणसं एकमेकांची गचांडी धरतात. अशा वेळी अरुणोदयच्या लाडक्या पोराचं हिरव्या जर्सीतलं छापील, रंगीत कार्ड दुकानांत आलं. जागृतीने त्याला आतून केव्हाच विकत घेतलंय, बिस्किट कंपनीलासुद्धा माहीत आहे, फक्त आपणच मूर्ख, असं लोक म्हणाले. निमाई सांगत होता की मी कुठेही जाणार नाही. खरंही होतं ते. त्याला अरुणोदयच्याच एका बड्या माणसाने बंदरात नोकरी लावून द्यायचं कबूल केलं होतं.

एका दुपारी कसब्यात, रेल्वेरुळांच्या पलीकडे, त्याच्या घरासमोर तीस-चाळीस जण जमले. त्याला बाहेर ओढलं. कोणाच्या तरी हातात लोखंडी सळई होती. उजवा गुडघा फुटला. कंपनीने ते कार्ड घाईघाईने मागे घेतलं, पण गुडघा काही मागे घेता आला नाही. खेळ संपला, बंदरातली नोकरीही संपली.

काकांना हे पानवाल्याने सांगितलं. ते अंगणातल्या पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ तळहाताकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतः छापखान्यात जाऊन म्हणाले, "चूक माझी. मला तीन वर्षं दिसत नाही. मी लपवलं." माझं नावसुद्धा काढलं नाही. छापखान्याने त्यांना त्याच दिवशी निरोप दिला. मग ते विचारत विचारत निमाईच्या घरी गेले. त्याच्या आईने दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी संत्री घेऊन पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या रविवारीही. वर्षभर चाललं होतं ते. सहा महिन्यांनी तिने पिशवी हातातून घ्यायला सुरुवात केली, पण बोलली नाही.

त्यांच्या डोळ्यांसमोर आता नुसतं धुकं होतं. मिरजेहून त्यांच्या बहिणीची, कालिंदीताईंची पत्रं यायची, आणि ती त्यांना मीच वाचून दाखवायची. दादा, डोळे करून घे. डॉक्टर सांगत होते, उशीर केलात तर काही हाती लागणार नाही. काका हसायचे. एकदा मी फारच चिडले तेव्हा म्हणाले, "नलू, ज्या डोळ्यांनी एका पोराचा पाय घेतला, ते नीट करून मी पुढे बघू काय?"

हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण मला झोप लागली. वर्षभर लागतच होती. ती लागते याचीच मला जास्त लाज वाटली. सकाळी शाळेत न जाता मी खाली गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं. की मला दिसलं होतं. उन्हात, स्वच्छ. की मी मुद्दाम गप्प बसले.

त्यांना वाटलं मी त्यांच्या समाधानासाठी खोटं बोलतेय. मग मी वरून प्रूफचे दोन्ही कागद आणले. एकावरचं सतरा नंबर कापून मी कातडी पाकिटात घातलं होतं. ते त्यांनी बोटांनी चाचपलं.

"हे कधी कापलंस?"

"त्याच दिवशी, काका. दुपारी."

ते पाकिटात परत सरकवून त्यांनी माझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता थोबाडीत मारतील, मारली असती तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? माझा पाय आहे का तो? त्यांना जाऊन सांग. त्या माऊलीला सांग. तू सांगितलंस की त्याच दिवशी मी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नाव घालतो."

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, मी बालीगंज स्टेशनचे रूळ ओलांडून कसब्याला गेले. वाटेत वाक्यं जुळवली, बांग्लात, तीन वेळा म्हणून पाहिली. कार्ड पर्समध्ये होतं, पुरावा म्हणून.

दार निमाईनेच उघडलं. काखेत कुबडी. फोटोपेक्षा लहान दिसत होता, आणि केस काकांनी रंगवले होते त्याहून कितीतरी दाट. माझ्या हातातलं कार्ड त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आशुन दीदी, भेतोरे आशुन," म्हणाला. आत या. "कोरं आहे, तेलाचा डाग नाही! असं एकही पाहिलं नव्हतं. परवा हुगळीपलीकडच्या श्रीरामपूरहून एक जण हेच कार्ड घेऊन आले होते. मागच्या महिन्यात दोघं. खेळत होतो तेव्हा सही मागायला कोणी यायचं नाही."

मी तोंड उघडलं. आतून त्याच्या आईने विचारलं, कोण आहे रे, आणि तो आनंदाने ओरडला, "कार्डवाली दीदी!" त्याने खिशातलं पेन काढलं, कुबडी भिंतीला टेकवली, एका पायावर तोल सावरत कार्ड दाराच्या चौकटीवर ठेवलं. विचारलं, "कुठे करू? जर्सीवर करू?"

मी हो म्हटलं.

हिरव्या पट्ट्यांवर त्याने काळजीपूर्वक, शाळकरी अक्षरात नाव लिहिलं. मी धन्यवाद म्हटले. शाई वाळावी म्हणून कार्ड हातात उघडं धरून मी रूळ ओलांडून परत आले.

काका पायरीवर बसले होते. "सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलात नाव घातलं. शस्त्रक्रिया झाली, पट्टी सुटली, आणि महिन्या-दीड महिन्यानंतर बशीएवढ्या जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावल्यावर त्यांनी प्रथम भिंतीचा रंग किती घाण आहे म्हणून घरमालकाला शिव्या घातल्या. मग संत्री आणली, दोन पिशव्या. म्हणाले, "नलू, चल. आज दोघं जाऊ. तुझं तिने ऐकून घेतलं, आता मलाही आत घेईल. मला त्या पोराचा चेहरा एकदा नीट बघायचाय."

मी म्हटलं, मला शाळेत काम आहे. रविवार होता.

ते दोन्ही पिशव्या घेऊन एकटेच गेले. मी गॅलरीत, मग जिन्यात, मग अंगणात येऊन उभी राहिले. ऊन उतरायच्या सुमाराला ते परत आले. पिशव्या रिकाम्या होत्या, म्हणजे त्यांना आत घेतलं होतं. माझ्यासमोर येऊन थांबले आणि त्या जाड भिंगांतून माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि आता दिसत होता.

"सही घेतलीस म्हणे," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.