मोज्याच्या टाचेची मालकीण

घड्याळवाले भाऊजी म्हणजे आवराआवरीचा कहर. बायको गेली तसं तिचं सिम बंद केलं, बँकेतलं खातं बंद केलं, आणि त्याच झपाट्यात तिचं विणकामाचं वेबपान चालवणाऱ्या घरातल्या छोट्या सर्व्हरवरून तिचं युजर अकाउंटही उडवलं. डोळ्यांत टिपूस नाही हो!

मग मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, ताईचं विणकामाचं पान उघडत नाहीये. काय दिवे लावलेत?"

"बघतो."

एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या चुकांच्या नोंदीत, स्पष्टच होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं: पान दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, स्क्रिप्टला, मालकच उरलेला नाही, म्हणून ती चालणार नाही.

"मग घाला की तुमचं नाव!"

"मला सुई धरता येत नाही. मी कसला मालक?"

त्यांनी तिचं अकाउंट पुन्हा उघडलं. कॉम्प्युटरने पूर्ण नाव विचारलं, ते भरलं. मग अशा फॉर्ममध्ये असतो तसा खोली नंबर विचारला. आता तिला कुठली खोली? तो रकाना रिकामा सोडला आणि स्क्रिप्ट तिच्या नावावर केली.

"उघडलं! मोज्याची टाच कशी विणायची ते सापडलं!" मेहुणी ओरडली. "आता परत आवरू नका हं."

"बरं."

रडलेबिडले नाहीत, भाऊजीच ते. फक्त टाकून द्यायला दाराशी ठेवलेली तिची लोकरीची पिशवी उचलली आणि परत तिच्या खुर्चीवर ठेवली.