रॉकेटवरची पुट्टी

वाटूर फाट्यावर संपतचं डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे. तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला रस्ता. हा माणूस चिडका आहे असं फाट्यावर सगळेच सांगतील आणि ते खोटं नाही. पण त्याच्या शेडमध्ये येतं काय ते तरी बघा! गंजून जाळी पडलेलं ट्रॅक्टरचं बोनेट, नाल्यात उलटून आलेली जीप, ज्याच्या पत्र्यात बोट घातलं तर आरपार जाईल असला टेम्पो. आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं एकच, "संपतभाऊ, जरा पुट्टी मारा अन् चकाचक करून द्या. विकायचाय." म्हणजे आतली सड तशीच ठेवायची आणि वरून लिंपायचं. काम जमलं तर ते कुणाला दिसत नाही, बिघडलं तर गिऱ्हाईक चार माणसं घेऊन भांडायला येतं. असल्या धंद्यात माणूस गोड राहील तरी कसा?

त्याची मुलगी मोनाली जालन्याला इंजिनिअरिंग करते. कॉलेजातल्या पोरांचा एक गट रॉकेट बनवतो आणि या वर्षी त्या गटाची कॅप्टन मोनाली आहे. रॉकेट म्हटल्यावर दिवाळीतला बाण डोळ्यांपुढं आणू नका. उभी केली तर माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी फायबरची नळी, खाली पंख, वर टोक, पोटात पॅराशूट. आकाशात एक किलोमीटरभर जायचं आणि पॅराशूट उघडून सावकाश खाली उतरायचं. राजानंद सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं: चाचणीत रॉकेट धड खाली आलं तर मोठ्या स्पर्धेला जायचं, नाही आलं तर यंदाचा विषय संपला. गटात बाकी सगळी मुलंच. मुलगी कॅप्टन झाली हे त्यांच्यातल्या काही जणांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. मोनालीला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची आणि तिसऱ्यांदा स्वतः करावी लागायची. रविवारी घरी आली की ती आईजवळ, दैवशालाजवळ, रडायची. संपत ओट्यावर बसून ते ऐकायचा आणि आत न जाता उठून शेडकडे निघायचा.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये परीक्षेची गडबड सुरू झाली तेव्हा मोनाली म्हणाली, "पप्पा, जोडणी आपल्या शेडमधी करू का?"

संपतनं त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाची जीप बाहेर उन्हात लोटली. नवी कोरी, न ठोकलेली, न गंजलेली वस्तू त्याच्या शेडमध्ये पहिल्यांदाच येत होती. पोरीच्या कामावर एकदा तरी आपला हात फिरावा, एवढंच त्याला पाहिजे होतं. पण हात फिरवू देतील तर ती पोरं कसली!

सुरुवातच इपॉक्सीनं बिघडली. पंख नळीला चिकटवायला इपॉक्सी लागतं. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही वजनकाट्यावर मोजून घ्यायचं आणि मग कालवायचं. पोरांनी दोन पंख बसवले, तेवढ्यात जालन्याची एसटी आली आणि ती सगळी पळाली. तिसरा पंख राहिला. संपतनं विचार केला की, पोरं सकाळी येतील तोवर आपण बसवून ठेवू. उभ्या आयुष्यात त्यानं पुट्टी कधी काट्यावर तोलली नव्हती. पुट्टीचा गोळा पाटीवर घ्यायचा, हार्डनरची ट्यूब दाबायची, रंग बदलला की झालं. घाई असली तर हार्डनर जरा जास्त, म्हणजे जल्दी सुकते. इपॉक्सीलाही त्यानं तोच न्याय लावला आणि हार्डनर चांगला सढळ हातानं ओतला.

सकाळी पंख हलत होता. जोड उन्हात ठेवलेल्या गुळासारखा चिकट राहिला होता.

"पप्पा, हे काय करून ठिवलं?" मोनाली कपाळाला हात लावून म्हणाली.

"हार्डनर कमी पडला असंल. आजून थोडा लावू का वरतून?"

"जास्ती झालाय! हे पुट्टी न्हाई पप्पा. ह्याच्यात माप म्हंजी माप. जास्ती घातला म्हणून जल्दी सुकत न्हाई, ते सुकतच न्हाई मंग."

सगळी सकाळ तो चिकटा खरवडण्यात आणि पुसण्यात गेली. हरिओम नावाचा मुलगा होता, वायरिंग बघणारा, स्वभावानं गरीब. तो खाली मान घालून खरवडत राहिला. पण दुसरा एक जण शेजारच्याला म्हणाला, "कॅप्टनच्या पप्पाचं गॅरेज हाय, बोलता बी येत न्हाई." संपतनं ते ऐकलं आणि मोनालीनंही ऐकलं. तिचं तोंड एवढंसं झालं. संपतला स्वतःचाच इतका राग आला की, त्यानं हातातली पाटी भिंतीवर आपटली आणि मग ती पाटी सरळ करत बसला.

तशी पोरंही काही कमी नव्हती. हरिओमनं भर दुपारी, पत्र्याखालच्या भट्टीसारख्या उकाड्यात, ग्लास भरून इपॉक्सी एकदम कालवलं. बघता बघता ग्लास तापला, धूर निघायला लागला आणि ढवळायची काडी ग्लासात उभीच्या उभी अडकली. संपत हसला. त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही.

पंख एकदाचे बसले. मग जोडांवर, पंख आणि नळीच्या कोपऱ्यात, पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई द्यायची होती. मोनालीनं मोजून कालवून दिलं आणि संपतनं बोटानं अशी एक सलग गोलाई ओढली की तिच्याकडं बघत राहावं. तेवढं मात्र त्याला करू दिलं. पण त्यानंतर पुट्टीवरून रोजची कटकट सुरू झाली. नळीवर फायबरची वीण दिसत होती, बारीक खड्डे होते, एके ठिकाणी शिवण वर आली होती. संपतच्या डोळ्यांना ते बघवत नव्हतं. त्यानं पुट्टी मारायला घेतली की मोनाली म्हणायची, "पप्पा, वजन." तो खड्डा भरून हात पुढं सरकवायचा की हरिओम म्हणायचा, "काका, वजन." लावलेली पुट्टी तो पाणी मारून, पॉलिशपेपरनं घासून परत काढायचा. दिवसभर लावायचं आणि दिवसभर काढायचं. घरी जेवताना तो दैवशालावर उखडला, "म्या म्हणतो, इतकी वजनाची भीती वाटती तं मंग रंग तरी कशाला देता? कागदाचं करा म्हणावं!"

"माझ्यावर काहून ओरडून राह्यले? तिला सांगा," दैवशाला म्हणाली.

तिला सांगायचं कधी? ती आली की घाईत आणि गेली की घाईत. पुढं पोरांचे पेपर लागले. जोडणी झाली होती, रंग तेवढा राहिला होता. मोनाली जाताना म्हणाली, "पप्पा, आता फक्त कलर. वजन वाढू देऊ नका."

अखेर शेडमध्ये संपत आणि रॉकेट दोघंच उरले. त्यानं पहिल्यांदा सगळ्या अंगावरून तळहात फिरवला. पोटाच्या मध्यावर, जिथं नळीचे दोन भाग एका पट्ट्यानं जोडले होते, तिथं हाताला तीन बारीक भोकं लागली. काडेपेटीतली काडी जाईल एवढीच. संपतचं डोकं सणकलं. ह्या पोरांच्या हातात ड्रिल दिलं कुणी? नवीन वस्तूला तीन भोकं, तीही दिसतील अशा जागी. पण आधीचा चिकट पंख त्याच्या लक्षात होता. न विचारता काही करायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, म्हणून मोनालीला फोन लावला.

"मोना, ते मधल्या पट्ट्यापशी—"

"पप्पा, उद्या पेपर हाय माझा. कितीक येळा फोन करता तुम्ही? एकेक गोष्ट नका ना विचारू. वजन वाढलं न्हाई म्हंजी झालं. ठिवू का?"

तिनं फोन ठेवला. संपत फोनकडं बघत उभा राहिला. विचारलं तर असं आणि न विचारता केलं तर तसं. मग त्यानं नखावर मावेल एवढी पुट्टी घेतली, तीन भोकांत दाबली आणि वाळल्यावर पाण्याच्या पेपरनं घासली. बोट फिरवलं तर जागा सापडेना. वजन तर काहीच वाढलं नव्हतं. वर प्रायमर, वर निळा रंग. त्या तकाकीत त्याचं तोंड दिसत होतं. इतकं साफ काम त्यानं आजवर एकाही गाडीवर केलं नव्हतं, आणि कुणी शेडमध्ये येऊन बघावं असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

चाचणी अंबडच्या पुढच्या एका मोकळ्या माळावर होती. परवानग्या कॉलेजनं काढल्या होत्या, रॉकेटला वर नेणारी जळणाची मोटर सरांच्या कुलूपबंद पेटीत होती. रॉकेट टेम्पोतून उतरवलं तेव्हा सगळी पोरं त्याच्याभोवती जमली. "काका, लै भारी!" असं म्हणत फोटो निघाले. ज्याला गॅरेज खुपत होतं त्यानंसुद्धा रॉकेटशेजारी उभं राहून फोटो काढला. संपत लाजून टेम्पोच्या मागं गेला.

वारा वाढत होता. राजानंद सर घाई करत होते. हरिओमनं स्क्रू फिरवून पॅराशूट सोडणारं आतलं यंत्र चालू केलं, नळीला कान लावला आणि म्हणाला, "बीप लै बारीक येऊन राह्यलं आज."

"येतं ना पण?" मोनालीनं विचारलं.

"येतं."

"मंग चला."

रॉकेट सुटलं. आवाज छातीत बसला आणि डोळा लवायच्या आत ते निळं टोक ढगाच्या दिशेनं गेलं, अगदी सरळ. पोरं नाचायला लागली. संपतनं मान वर करून डोळ्यांवर हात धरला. आता वरती फूल उमलल्यासारखं पॅराशूट उघडणार होतं. ते उघडलं नाही. ठिपका थांबला, उलटला आणि खाली यायला लागला, आधी हळू आणि मग शिट्टी वाजवत. मोनाली "उघड, उघड" म्हणत होती. माळाच्या टोकाला धूळ उडाली.

सगळे धावले. टोक जमिनीत रुतलं होतं, नळी मधोमध फुटून तिच्या ढलप्या पसरल्या होत्या. पंख मात्र तिन्ही जागच्या जागी होते. मग बोलणं सुरू झालं.

"यंत्रानं पॅराशूट सोडलंच न्हाई. वायरिंग गेली."

"म्या तीनदा चेक केल्ती," हरिओम म्हणाला.

"मंग उघडलं काहून न्हाई? वर्षभराची मेहनत गेली तुझ्यामुळं!"

"बीप बारीक येतंय म्हणला व्हता की तो," आणखी कुणी बोललं. "कॅप्टननं ऐकलं न्हाई."

हरिओमचे डोळे भरून आले. सर म्हणाले, "थांबा. हवेचा दाब कमी होतो त्यावरून यंत्राला उंची कळते. बाहेरची हवा आत गेली पाहिजे. भोकं बघितली होती का?"

"म्या स्वतः पाडली सर. तीन," मोनाली म्हणाली. "पट्टा शोधा, मधला पट्टा."

संपतच्या पायाशीच होता तो. त्यानं ढलपी उचलली. बाहेरून ती निळीशार आणि गुळगुळीत होती, त्यात काही म्हणता काही दिसत नव्हतं. त्यानं ती उलटी केली. आतल्या बाजूला पुट्टीचे तीन करडे ठिपके होते.

ढलपी तशीच मातीत टाकून पाय दिला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला भोकं पाडलीच नव्हती असं वाटलं असतं किंवा वायरिंग गेली असं. पण मग बोल हरिओमवर राहिला असता नाहीतर मोनालीवर. त्यानं ढलपी उलटीच तिच्या हातात दिली.

"म्या बुजवली."

मोनालीनं ठिपके बघितले. नखानं एक टोकरून पाहिला. मग इतक्या दिवसांचं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं.

"कोणी सांगितलं व्हतं तुम्हाला? कलर करा म्हणलं व्हतं ना? फक्त कलर! रस्त्यावरचा टेम्पो हाय का हा, दिसलं भोक की लिंप? तुम्हाला एक गोष्ट... एक गोष्ट धड विचारून करता येत न्हाई का, पप्पा?"

विचारलं होतं. ते शब्द संपतच्या जिभेवर आलेच होते. तू फोन ठेवलास, मी विचारतच होतो. खरं होतं ते, आणि एवढं बोलून त्याची छाती मोकळी झाली असती. त्यानं वर बघितलं. मोनालीच्या मागं तिचा सगळा गट उभा होता. मघाशी तिच्याकडं बोट दाखवणारा आता खाली बघत होता. सर तिच्याकडं बघत होते. आणि मोनाली, घरी आईजवळ रडणारी, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर ताठ उभी राहून ओरडत होती आणि तिचं बोलणं कुणी मध्ये तोडत नव्हतं.

"न्हाई विचारलं," संपत म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. "चुकलं माझं. ह्या पोराच्या वायरिंगचा काई दोष न्हाई अन् तुमच्या कॅप्टनचा बी न्हाई."

मोनाली पुढचं वाक्य बोलायला गेली आणि थांबली. तिच्या कपाळावर आठी आली. हातातल्या ढलपीकडं, मग बापाकडं, मग परत ढलपीकडं तिनं बघितलं. तिला फोन आठवला हे संपतला कळलं, आणि तिनं आता काही बोलू नये म्हणून तो लगबगीनं वळला आणि मातीतले तुकडे गोळा करायला लागला.