कुंपणावरचं बेट

न्यूझीलंडमध्ये हॉर्नबीला मुलीकडे राहायला गेलो की शेजारचे म्हातारबुवा कुंपणाशी येत आणि फळीवर कपड्यांचे चिमटे मांडत. हा चिमटा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं, पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांतलं छोटं बेट, तो पलीकडचा जपान्यांचा मोठा तळ. "साठ वर्षांपूर्वी आम्ही हे घेतलं, म्हणून इथे रडार बसलं. रडार बसलं, म्हणून पुढची फौज तिथे उतरली." दमलेल्या आवाजात, दर वेळी पहिल्यापासून. मी विचारलेलंही नसायचं.

एप्रिलमध्ये तिथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी ते पदकं लावून युद्धस्मारकावरून परतले, तेव्हा मी आपल्या पद्धतीने त्यांना शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. ते नारळाकडे बघतच राहिले.

"युरोपात लढून आलेले आम्हाला कोकोनट बॉम्बर म्हणायचे," ते म्हणाले. "म्हणजे आम्ही तिकडे नुसते नारळ पाडत होतो."

मी ओशाळलो. परत घ्यायला हात पुढे केला. "आमच्याकडे हा मानाचा असतो," एवढंच कसंबसं म्हणालो.

त्यांनी तो दिला नाही. मांडीवर घेऊन पायरीवर बराच वेळ बसले. चिमट्यांचा डबा शेजारीच होता. त्या दिवशी त्यांनी तो उघडला नाही.