सोमवारची खुरपणी

शेताचे हिशेब वहीतून संगणकावर चढवायला भाची रोहिणी मला शिकवत होती. "मावशी, चौकटीचा कोपरा माऊसनं धरून खाली ओढ. पुढच्या तारखा आपोआप येतात."

मी ओढला. दर सोमवारी खुरपणीला येणाऱ्या सखूबाईच्या ओळी होत्या त्या. सखूबाई गेल्या महिन्यात वारली. वहीत लिहिताना हात प्रत्येक नावापाशी थांबतो; माणूस नसेल तर नाव उतरत नाही. इथं मात्र ती येतच राहिली. या वर्षीचे सोमवार संपले, पुढच्या वर्षांचे सुरू झाले. मी नसेन त्या वर्षांतही ती माझ्या कांद्यात वाकून बसली होती. भर दुपारी अंगावर काटा आला.

"जास्त ओढलंस. पुसून टाक," रोहिणी म्हणाली.

मी खालून वर एकेक सोमवार पुसत आले. ती खरोखर आली होती त्या शेवटच्या दिवसानंतरची एकच ओळ उरली. त्या दिवशी जाताना ती म्हणाली होती, "राहिलेला वाफा पुढच्या सोमवारी करते, वहिनी."

ती ओळ मी पुसली नाही. मजुरीचा रकाना तेवढा कोरा ठेवला.