झाडून काढलेली गुहा

स्वच्छराव हे नाव गल्लीने ठेवलेलं. दाराची कडी रुमालात धरून उघडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पण पोटासाठी स्वारी चित्रं काढते ती कोणाची, तर साबण कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या आदिमानवांची! संग्रहालयाची अख्खी भिंत रंगवायला मिळाली, तेव्हा गडी हवेत होता.

उत्खनन करणाऱ्या बाई कच्चं चित्र बघून खो खो हसल्या.

"अहो, गुहा झाडून काढलीत की! कामवाली येऊन गेली का?"

मग त्यांनी खोकी उघडली. माशांचे खवले. फोडून चोखलेली हाडं, एकाच हाडावर मोठ्यांचे आणि पोरांचे दात. शेवटी दगड झालेली विष्ठा, तिच्यात जंतांची अंडी.

"ही अंथरुणाच्या उशालाच मिळाली हं!"

स्वच्छरावांनी रुमाल नाकाला लावला.

"सोमवारी घाण दिसली नाही, तर भिंत दुसऱ्याला," बाई म्हणाल्या.

काढायची म्हणजे आधी बघायला हवी. घरात ती आयती होती: मेहुणा. एरवी तो जेवायला बसला की हे ताट घेऊन गच्चीवर. रविवारी मात्र वही घेऊन समोरच बसले.

"भावोजी, आज काय विशेष?"

"जेवा तुम्ही. पोटभर."

मेहुण्याने नळीचं हाड दाताने फोडलं, सुर्रकन चोखलं, बोटं केसांना पुसली आणि तेच हाड मांडीवरच्या लेकाच्या तोंडात दिलं. लेकाने ते मिटक्या मारत चघळलं. स्वच्छराव तोंडाने श्वास घेत, डोळ्यांत पाणी आणून रेघा ओढत होते.

सोमवारी बाई खूश. "आता कुठे माणसं राहतात इथे!" भिंत स्वच्छरावांची झाली. रंगही भरून झाले, आणि मग बायको बघायला आली.

"हा आमचा दादा."

"आदिमानव आहे तो."

"आदिमानवाच्या भुवईवर दादाचा चामखीळ? आणि केसांत उवा!"

"उवांचा पुरावा सापडलाय."

"दादाच्या डोक्यात? आत्ताच्या आत्ता बदला, नाहीतर मी चालले माहेरी."

घाण पुसली तर भिंत जाणार, चेहरा ठेवला तर बायको. घाण राहिली. चेहरा बदलला, पण बसवणार कोणाचा? ज्याचा बसवावा, त्याची बायको भांडायला येणार. उरला एकच.

आता त्या भिंतीवर साक्षात स्वच्छराव हाड चोखत बसलेत, बोटं केसांत, उशाला ती विष्ठा. आणि खरे स्वच्छराव बेसिनपाशी, सकाळपासून तोंड धुतायत.