चांगदेवरावांच्या चहाच्या ढेपा

नौपाड्यात चहापत्तीची दुकानं बोटांवर मोजण्यापलीकडे आहेत, पण नाक एकाच दुकानात होतं. ते चांगदेव डुंबऱ्यांचं. दुकान म्हणजे काय, तर दहा बाय आठची खोली, पत्र्याचे डबे, एक जुना तराजू आणि मागे वर घरी जाणारा लाकडी जिना. पाटीवर नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. लोक म्हणत, "नाकवाल्या काकांकडून आण."

चांगदेवराव मूळचे ओतूरकडचे. विशीत ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमधल्या एका चहा पॅकिंगच्या कारखान्यात गोणी उचलायला लागले. एके दिवशी पाठीवरची गोणी खाली ठेवून ते मुकादमाला म्हणाले, "ह्या गोणीला रॉकेलचा वास हाये." मुकादमाने त्यांना वेड्यात काढलं. चहा चाखणाऱ्या साहेबांनी गोणी फोडली, वास घेतला, मान हलवली. दुपारी ट्रकवाल्याकडून कळलं, आदल्या खेपेला रॉकेलची पिंपं नेली होती. दुसऱ्या दिवसापासून चांगदेवरावांच्या पाठीवरची गोणी गेली आणि त्यांची रवानगी साहेबांच्या चाखण्याच्या खोलीत झाली. तिथे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. दहावी नापास माणूस, पण साहेब परगावी असले की मालाचा शेवटचा शब्द त्यांचा असे.

नाकावर पोट चालवायचं तर नाकाचे लाड करावे लागतात. तंबाखू नाही, कच्चा कांदा नाही, केसांना वासाचं तेल नाही. हे झालं त्यांच्यापुरतं. पण लग्न होऊन घरात आलेल्या शेवंतीबाईंनीही काय काय सोडलं, हे कुणी विचारलं नाही. देवापुढे उदबत्ती बंद झाली, नुसतं निरांजन राहिलं. आणि गजरा गेला. नावच शेवंती, माहेरी फुलांचा मळा, आणि बाईने नंतरच्या अडतीस वर्षांत केसांत एक फूल माळलं नाही. हळदीकुंकवाला मिळालेला गजरा त्या जिन्याच्या पायरीवर काढून ठेवत आणि मग घरात येत. कुणी हळहळलं तर म्हणत, "अहो, ह्यांच्या नाकावर आमचं घर उभंय."

आता ढेपांबद्दल. कारखान्याने एकदा चांगदेवरावांना साहेबांबरोबर कोलकात्याच्या लिलावाला पाठवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी दुकानदाराने त्यांना काळाभोर, बिनदुधाचा चहा पाजला. पुएर त्याचं नाव. पानं आंबवून, दाबून, गुळासारख्या चपट्या ढेपा करतात आणि वर्षानुवर्षं मुरत ठेवतात. आपल्याकडे चहा जुना झाला की फेकतात. हा जुना झाला की भाव खातो. चांगदेवरावांनी पहिला घोट घेतला आणि ते तासभर तिथून हलले नाहीत. बोनसच्या पैशांतून त्यांनी चौदा ढेपा उचलल्या. शेवंतीबाईंनी त्या वर्षीच्या नव्या साडीवर मनातल्या मनात पाणी सोडलं आणि लाकडी कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून दिला.

पंचवीस वर्षं त्यांनी त्या ढेपा लेकरासारख्या सांभाळल्या. पावसाळ्यात दर आठवड्याला उलटायच्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायच्या नाहीत, उन्हात ठेवायच्या नाहीत. वर्षातून एकदा चाखायचं आणि वहीत लिहायचं. त्यांतली एक फोडून खालच्या दुकानात मडक्यात भरलेली असे, ती चाखायला द्यायची. निवृत्तीनंतर दुकान सुरू केलं तेव्हा ह्या चहाची हळूहळू कुणकुण पसरली. नव्याने ह्या नादाला लागलेलं कुणी ना कुणी विचारत यायचंच की, जुना चिनी चहा खात्रीचा कुठे मिळतो. ऑनलाइन घ्यावा तर फसवणुकीची भीती. चांगदेवराव म्हणत, "माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय इथून पुडी भायेर जात नाही." एवढ्या एका वाक्यावर लोक विश्वास ठेवत.

आणि कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते नाक गेलं.

ताप चार दिवसांत उतरला. वास परत आला नाही. आठ दिवस झाले, महिना झाला, वर्ष झालं. चांगदेवराव गुपचूप कल्याणच्या एका डॉक्टरकडे जाऊन आले. ठाण्यात कुणी ओळखीचं भेटलं असतं. डॉक्टर म्हणाले, "आता येईल असं वाटत नाही, आजोबा." स्टेशनपर्यंत ते चालत आले आणि बाकावर बसून राहिले. समोर वडे तळत होते, तेल कढत होतं, आणि त्यांच्या लेखी जगात काहीच नव्हतं. रडू आलं. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि ठरवलं, हे कुणाला सांगायचं नाही. शेवंतीबाईंनाही नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. रोजच्या पत्तीची मिश्रणं वजनावर ठरलेली होती, हात आपोआप चालत. ढेपा तर आधीच पारखलेल्या. गिऱ्हाईक आलं की ते पुडी नाकाशी नेत, डोळे मिटत आणि मान डोलावत. सकाळी शेवंतीबाई चहा आणत तेव्हा ते कप तोंडाशी धरून म्हणत, "वा! काय वास सुटलाय." त्या "वा"वर शेवंतीबाईंचा दिवस जात असे. चार वर्षं हे चाललं.

यंदा होळीनंतर डोंबिवलीहून अमृता नावाची मुलगी आली. तिशीची असेल. दुधाचा चहा पोटाला चालेना म्हणून ह्या वाटेला लागलेली. "काका, मी ऑनलाइन घेतलेला ना, एकदम गोठ्यासारखा वास यायचा. मी बिगिनर आहे, मला काही कळत नाही. तुम्हीच सांगा." चांगदेवरावांनी मडक्यातला चहा काढला, पहिलं पाणी पानं धुण्यापुरतं, ते फेकून दिलं, दुसरं तिला पाजलं. मुलीने घोट घेतला आणि पेला लगेच पुन्हा पुढे केला. त्यांना कोलकात्याचं दुकान आठवलं. वर जाऊन त्यांनी कपाटातली एक ढेप आणून दिली.

महिन्याने ती पुन्हा आली ती नाचतच. "काका, काय चहा दिलात! घरी ढेप फोडली तर मस्त कापराचा वास. इथे प्यायलेला त्याला नव्हता. नेटवर लिहिलंय, जुन्या चहाला कापराचा वास म्हणजे एक नंबर माल! तुम्ही मला जास्त चांगली दिलीत ना? रविवारी मी आमच्या ग्रुपमधल्या चौघांना आणते. सगळे नवीन आहेत. म्हटलं, घ्यायचा तर इथूनच."

चांगदेवराव हसले. ती गेली आणि त्यांनी वही काढली. नाक होतं तोवरच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी होत्या, अक्षर वेडंवाकडं, पण शब्द तेच: ओली माती, जुनं लाकूड, खारकेचा गोडवा. आणि एका पानावर साहेबांच्या सांगण्यावरून लिहिलेलं: काही ढेपांना कापूर येतो, आपल्या ढेपांना नाही.

ते जिना चढले. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, ढेपांच्या मागे, मलमलीच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. त्यांनी ती सोडली. पांढऱ्या वड्या. नाकाशी नेल्या. काही नाही.

"शेवंते, हा कापूर कुणी ठेवला?"

"मीच की. गेल्या श्रावणात एका ढेपेवरच्या कागदाला कसर लागलेली दिसली, म्हणून. तुम्हाला विचारलं होतं की."

"मला?"

"असं काय करता? मी पुरचुंडी ठेवून आठ दिवसांनी ढेप तुमच्या हातात दिली. म्हटलं, बघा हो, चहाला वास तर नाही ना लागला, नाहीतर लगेच काढते. तुम्ही चांगली नाकाला लावलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, काही होत नाही, राहू दे."

त्यांना आठवलं. डोळे मिटले होते, मान डोलावली होती. बायकोसमोरही.

गप्प बसता आलं असतं. मुलगी खूश होती, नेट तिच्या बाजूने बोलत होतं, आणि येणाऱ्या चौघांनाही कापूर आवडलाच असता. पण ज्या माणसाने रॉकेलच्या वासासाठी मुकादमाशी वाकडं घेतलं होतं, त्याच्याच कपाटातून वास लागलेला माल पहिल्या दर्जाचा म्हणून बाहेर गेला होता. चांगदेवराव पलंगावर बसले आणि म्हणाले, "मला वास येत नाही. कोविडपासून. अजिबात नाही."

शेवंतीबाई उभ्याच राहिल्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मग रोज सकाळी म्हणता ते?"

चांगदेवरावांनी मान खाली घातली.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी मोगरा पायरीवर ठेवून वर येतेय." एवढंच बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी त्यांनी जेवण वाढलं, पण समोर बसल्या नाहीत. चांगदेवरावांना नाक गेल्याचं जेवढं दुःख झालं नव्हतं तेवढं त्या रिकाम्या पाटाचं झालं.

रविवारी अमृता चौघांना घेऊन आली. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. चांगदेवरावांनी तराजूवर फडकं टाकलं आणि सगळं सांगितलं. नाकाचं, कापराचं, मिटलेल्या डोळ्यांचं. "पोरी, तुझी ढेप आणून दे, पैसे घेऊन जा. वरच्या सगळ्या ढेपा बाद. मी फसवलं तुला. मुद्दाम नाही, पण फसवलंच."

"पण काका, मला तर आवडलेला," अमृता म्हणाली. मग बरोबरच्या चौघांकडे बघत, "मग आम्ही आता घ्यायचा कुठून?"

"जिथं आधी पाजतात तिथून. न पाजता आख्खी ढेप विकणाऱ्याकडून कधीच नाही. पहिल्यांदा चिमूटभर घ्या, दोन महिने तेवढाच प्या. कुठल्या साली केला, कुठं ठेवला होता, विचारा. ठेवलेली जागा दाखवायला लाजला, तर उठून या. आणि पाजला तोच घरी येतोय का ते बघा. तुला दोन वास आले, तेव्हाच तू बरोबर पकडलं होतंस. विकणाऱ्याच्या नाकावर जाऊ नका. स्वतःचं लावा."

एवढ्यात जिना वाजला. शेवंतीबाई खाली आल्या होत्या. तीन दिवसांत त्या कामापुरतंच बोलल्या होत्या. मडक्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ह्याला लागलाय का कापूर?"

"ते खालीच असतं. लागला नसावा. पण मी कोण सांगणार?"

त्यांनी मडक्यावरचं झाकण काढलं. इतकी वर्षं चहा पाखडला, निवडला, उन्हाळा-पावसाळा त्याची उस्तवार केली, पण मडक्याला नाक लावायचं काम कधी त्यांचं नव्हतं. त्या वाकल्या.

"आमच्या मळ्यातल्या घरी भुई सारवायची ना, ती अर्धी वाळली की यायचा तसा येतो," त्या म्हणाल्या. "आणि... खारीक. खारीक भिजवलेली. कापूर नाही."

चांगदेवरावांनी वही उघडून ते पान अमृतापुढे धरलं. स्वतः वाचलं नाही. त्यांना दिसतच नव्हतं. डोळे भरून आले होते आणि चारचौघांसमोर ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मडक्यातला चहा पाजला आणि विकला मात्र कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीबाई चहा घेऊन आल्या. नेहमीचा, दुधाचा, आल्याचा. न्हालेल्या होत्या आणि अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा होता, भरघोस, दोन पदरी. चांगदेवरावांनी कप हातात घेतला. तोंडाशी नेला. "वा" म्हणाले नाहीत.

"कसा वास आलाय चहाला?" त्यांनी विचारलं. "तू सांग."

शेवंतीबाईंनी वाकून कपातला वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला.

"आज काही कळत नाही बाई," त्या म्हणाल्या. "नुसता मोगऱ्याचाच येतोय."